'जाते' म्हणायचा नियम

कंपनी सोडलेली माणसं निरोपाच्या मुलाखतीच्या खोलीतच राहत होती, आणि त्यांना पुरावं म्हणून खोली लांबत चालली होती. आता ती पार कॅन्टीनच्या पलीकडे पोचली होती. पंपांच्या त्या कारखान्यात याचं कुणाला काही वाटत नव्हतं. फक्त आत ट्यूबलाइट कमी पडतात अशी तक्रार होती.

"काहीतरी धोरण करा बाई," सबनीस साहेब कुंदा वायचळला म्हणाले. एचआर म्हटलं की जगाचं लचांड हिच्याच गळ्यात. खरं तर तिला स्वतःलाच जायचं होतं. मिरजेला आई अंथरुणाला खिळली होती. राजीनामा मंजूर होता, पण धोरण झाल्याशिवाय सुटका नव्हती.

कुंदा खोलीच्या दाराशी बसून राहिली, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. मुलाखत संपली की माणूस उठायचा, हात जोडायचा, "बराय, येतो" म्हणायचा, दार उघडून बाहेर पडायचा आणि त्याच खोलीत परत यायचा. तो तरी काय करणार? निघताना जातो म्हणू नये, हे आपल्याकडे दुधाचे दात यायच्या आधी शिकवतात.

तिने एका वाक्याचं धोरण केलं. निघणाऱ्याने स्पष्टपणे 'जातो' किंवा 'जाते' असे म्हणावे.

दुसऱ्या दिवशी डिस्पॅचचे भालेराव निघाले. दारात घाम पुसत उभे राहिले. "मॅडम, चांगल्या तोंडाने असं बोलवत नाही हो. येतो." आणि आले.

कुंदाला त्यांचा संताप आला. एवढासा शब्द तो! मग तिने स्वतःची मुलाखत स्वतःच घेतली, उत्तरं चोख दिली, पर्स उचलली. दाराच्या फटीतून ऊन दिसत होतं, मिरजेच्या एसटीचा हॉर्न ऐकू येत होता. शब्द अगदी ओठांवर आला आणि फोन वाजला.

आई होती. शाळेला निघालेली कुंदा चुकून जाते म्हणाली, तर तिला उंबऱ्यावरून परत बोलावून शब्द बदलायला लावणारी आई. आज ती अगदी सरळ आवाजात म्हणाली, "कुंदे, जाते गं मी."

"आई, थांब!" कुंदा फोनमध्ये ओरडली. "येते मी, आई. येते, येते..."

मागे खुर्च्या सरकल्या. भालेरावांनी शेजारच्या खुर्चीवरचा डबा उचलून मांडीवर घेतला आणि रिकामी जागा हाताने पुसली.