खडूचा कान

आमच्या आत्यानं आयुष्यात कधी कुणाचं ऐकलं नाही, पिंपांचं सोडून.

गोड वाईनचं सगळं एका क्षणावर अडलेलं असतं. द्राक्षं वेलीवर सुरकुतायला लागली की उशिरा तोडायची, तुडवायची आणि रस पिंपात फसफसू द्यायचा. यीस्ट साखर खातं आणि तिची दारू करतं. अर्धी साखर उरली की द्राक्षांचीच कडक दारू वरून ओतायची. यीस्ट मरतं, उरलेली गोडी तशीच राहते. लवकर ओतलं तर नुसता पाक, उशीर झाला तर गोडीचा पत्ता नाही. ही वेळ आत्या पिंपाला कान लावून ओळखायची. "आता" म्हणायची आणि पिंपावर खडूनं एक कान काढायची. साखर मोजायची माझी काचेची नळी दिसली की विचारायची, "कुणाला ताप आलाय?"

त्या दुपारी नळीनं वेळ झाल्याचं सांगितलं आणि नळीचं नाव न काढता मी आत्याला बोलावून आणलं. पिंपांच्या कोठाराच्या पुढच्या दारात पेट्या रचल्या होत्या, म्हणून आम्ही मागच्या दारानं आत शिरलो. कडक दारू सोडायला पंपवाला पाइप धरून तयार होता. आत्या सवयीनं दारापासून तिसऱ्या पिंपाशी गेली, डोळे अर्धवट मिटून कान लावला आणि म्हणाली, "अजून तासभर."

ते पिंप रिकामं होतं. सकाळीच मी ते धुतलं होतं. भरलेलं पिंप पुढच्या दारापासून तिसरं होतं.

पंपवाला स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला. मला आधी हसू आलं. पण त्या उकाड्यात तासाभरानं गोडी हातची गेली असती, आणि तोंड उघडलं तर आत्याची चारचौघांत शोभा. पंपवाल्याला मी नको असलेला पाना आणायला पिटाळलं आणि तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"आत्या, हे रिकामं आहे."

तिनं लाकडावर बोटं आपटून पाहिली आणि खाली स्टुलावर बसली.

"बोललेलं ऐकू येतं गं. पिंपातलं येत नाही. दोन हंगाम झाले."

"मग गेल्या वर्षी? ती वाईन तर सगळ्यांनी डोक्यावर घेतली."

"तेव्हा तू समोर होतीस. वेळ झाली की तू खालचा ओठ चावतेस. तो बघून मी 'आता' म्हटलं. आज तू मागे उभी होतीस."

मला तिचा राग आला. दोन वर्षं हे एकटीनं पोटात ठेवायची काय गरज होती? पण रागावण्यापेक्षा तिला जवळ घ्यावंसं जास्त वाटत होतं. मी हाताला धरून तिला खऱ्या पिंपाशी नेलं आणि माझा कान लावला. आतली उकळी ओसरून नुसतं बारीक चुरचुरत होतं. पंपवाला पाना घेऊन आला. आत्या माझ्या तोंडाकडे बघत होती.

"आता," मी म्हणाले.

कडक दारू आत गेली. चुरचुर हळूहळू थांबली. आत्यानं खिशातला खडू माझ्या हातावर ठेवला. मी कान काढला.

तिनं मान तिरकी करून पाहिलं. "माझा कान एवढा मोठा नाही."

"तुझा नाही. माझा आहे."

तिनं त्या कानाच्या कडेवरून एक बोट फिरवलं.

"मग गेल्या वर्षीच्या पिंपावरचा माझा पुस," ती म्हणाली, "आणि मोठा काढ."