एका फ्लॉपीत मावलेलं लिनक्स

"सिंधु, पोरींना मशीनवर हात ठेवू दे. लांबून दाखवलेलं टिकत न्हाई." शाळेतले जुने रेणुकादास गुरुजी जाऊन वर्ष झालं, तरी सोमवारी शाळेचं कुलूप काढताना सिंधुबाईंच्या कानात तेच घुमलं.

भूकंपानंतर नव्यानं वसवलेल्या गावात ही शाळा. मदतीत आलेला कॉम्प्युटर एकच. ऐपतदारांच्या पोरी लातूरला क्लासला गेल्या; मागं राहिलेल्यांना हाच आधार. तो बंद पडला तेव्हा संस्थेचे सचिव ईश्वरप्पा म्हणाले होते, "सोमवारी चालू दिसला तर ठेवा. न्हाईतर आपल्या नांदेडच्या क्लासला नेतो."

सिंधुबाईंनी लातूरच्या कॅफेतून फ्लॉपी आणली. "हेच लिनक्स, कॉम्प्युटर चालवणारं. फुकटाय," मालक म्हणाला. एवढं सगळं एका फ्लॉपीत मावलं, महादेवाचीच कृपा, म्हणत त्यांनी ती देवापुढं ठेवून मगच शाळेत नेली.

फ्लॉपी घालून मशीन चालू केलं, तशी पडद्यावर अक्षरं भराभर पळाली. बघायला आलेल्या ईश्वरप्पांनी खुर्ची पुढं ओढली. मग अक्षरं थांबली, ती थांबलीच.

"झालं?" चहा संपवून त्यांनी विचारलं. "बाई, तुमचा उपवास काय फळला न्हाई."

कॉम्प्युटर टेम्पोत भरताना शिवकांता फाटकाशी उभी होती. वर्गातली सगळ्यांत चौकस पोरगी.

"बाई, लातूरला विचारून या की. दुरुस्त होत असंल तर परत मागू."

"काय कळंल ते आजच सांगते. मीच येऊन."

लातूरच्या एका क्लासात त्यांचा जुना विद्यार्थी मन्मथ कॉम्प्युटर सांभाळायचा. शाळेत काय झालं ते ऐकून, फ्लॉपी लावून तो हसला.

"बाई, तुम्ही नुसता कर्नल, म्हंजे गाभा, आणलाव. ह्यो यंत्राशी बोलतो. मेमरी किती, कीबोर्ड कुठं, सगळं त्याला गवसलं. मग आपला पहिला प्रोग्रॅम शोधला, तर डिस्कवर काहीच न्हाई. बसला गप."

"पण मालक म्हणाला, हेच लिनक्स."

"खोटं न्हाई बोलला. खरं नाव कर्नलचंच. पण लिहायचं, फाईल ठेवायची, छापायचं, ती सगळी सामग्री जुळवून, बसवायच्या सोयीसकट सीडीवर देतात. ते डिस्ट्रिब्युशन. कर्नल त्यात असतोच."

"म्हणजे पिंड हाय, पण पाणी घालायला तांब्या न्हाई, घंटा न्हाई, पायरी न्हाई."

"घ्या! बाईंनी इथंबी देव आणला!"

सिंधुबाईंना नव्या घरांचं पहिलं वर्ष आठवलं. भिंती भक्कम, पत्रे नवे. पण जुना शेजार विस्कटलेला; विरजण कुणाकडं मागावं ते कुणालाच कळत नव्हतं.

"बिघाड मोठा होता का रे?"

"कसला बिघाड? अक्षरं पळाली म्हणजे मशीन चांगलंच हाय, डिस्क तेवढी पुसली गेली. डिस्क काढून इथं आणली असती तर दुपारात भरून दिली असती."

त्यांनी तिथूनच ईश्वरप्पांना फोन लावला. मशीन चांगलं आहे, परत द्या, म्हणाल्या.

"चांगलंय? मग बरंच झालं," ते म्हणाले. "नांदेडला पेपर टाईप करायला लागंलच. बाई, तुमच्या पोरी कुठं नोकरीला चालल्यात?"

फोन ठेवला गेला.

संध्याकाळी एस.टी.तून उतरल्यावर सोमवार सोडायला घरी जायचं होतं. सिंधुबाईंनी पदर सारखा केला आणि शिवकांताच्या घराच्या ओळीकडे चालू लागल्या.