फोंब्राकांचा धाकटा

“मी मरतोय, जिनेत,” सिल्व्हँ म्हणाला.

जिनेत त्याच्या पायाशी गुडघ्यांवर बसून पँटची उंची बेतत होती. ओठांत टाचण्या धरलेल्या, त्यामुळे तिला लगेच बोलता आलं नाही. तिनं नुसतंच वर पाहिलं.

“खरंच. पुढच्या महिन्यात. शिकारीला जातो आणि दारसेलांचा थोरला मला गोळी घालतो. चुकून म्हणे! दोन वर्षं टपून बसला होता मेला.”

जिनेतनं टाचण्या हातात काढून घेतल्या. “हलू नकोस. आणि असलं अभद्र बोलू नये.”

“अभद्र कसलं? मीच म्हटलं त्यांना, मारून टाका मला. रोमला सिनेमा मिळालाय, जिनेत. मोठ्या पडद्यावरचा. आईशपथ, कालपासून झोप नाही मला.”

“मग परदेशी पाठव म्हणावं त्या लेखकाला. अमेरिकेला वगैरे. मारायला कशाला हवं?”

“परदेशी गेलेला माणूस परत येतो ना. मेलेला येत नाही. नीट विचार करतात ती माणसं.” तो हसला. तेवीस वर्षांच्या पोरानं हसावं तसा, मागचापुढचा विचार न करता.

जिनेतनं मान खाली घालून पँटची दुसरी बाजू दुमडली. टाचणी कापडातून आरपार तिच्याच बोटात गेली. रक्ताचा ठिपका कापडावर पडू नये म्हणून तिनं बोट चटकन तोंडात घातलं.

‘दोन तीर’ ही मालिका त्या वर्षी घराघरांत चालू होती. शुक्रवारी संध्याकाळी ती लागली की गावातले रस्ते ओस पडत. नदीच्या अलीकडे फोंब्राक घराणं, पलीकडे दारसेल. दोघांच्या तळघरांत शंभर वर्षांची ब्रँडी आणि दोघांच्या मनांत त्याहून जुनं वैर. बाहेरची दृश्यं गावाबाहेरच्या हवेलीत घ्यायचे आणि आतली बंद पडलेल्या सपातांच्या कारखान्यात. त्या कारखान्यात जिनेतनं उभी हयात लोकरी सपाता शिवल्या होत्या. कारखाना बंद झाला, टेलिव्हिजनवाल्यांनी शेड भाड्यानं घेतली आणि सुईदोऱ्याची सवय असलेली बाई हवी म्हणून कुणीतरी तिचं नाव सुचवलं. जिथं तिचं मशीन होतं, साधारण तिथंच आता फोंब्राकांचा जेवणाचा दिवाणखाना उभा होता. भिंती लाकडी फळ्यांच्या, झुंबर मात्र खरं.

खाटीक तिला मांस तोलून देताना म्हणायचा, “एवढंच सांग, धाकट्याचं लग्न होतं की नाही? सॉसेज फुकट देतो.”

“मला काय ठाऊक? मी बटणं लावते.”

“बटणं लावणाऱ्यांनाच सगळं ठाऊक असतं.”

ती हसून वेळ मारून न्यायची. खरं म्हणजे तिला ते आवडायचं. 

सिल्व्हँ मालिकेत फोंब्राकांचा धाकटा झाला, तेव्हापासून जिनेतच त्याचे कपडे पाहायची. दोन दृश्यांच्या मधे तो तिच्या कपड्यांच्या खोलीत येऊन पडायचा, टेबलावर पाय टाकायचा आणि तिच्या डब्यातला पाव न विचारता खायचा. पॅरिसमधल्या पोरींची नावं तिच्या लक्षात राहत नसत, म्हणून त्यानं त्यांना कोटांच्या रंगांवरून नावं दिली होती. हिरव्या कोटवाली सोडून गेली तेव्हा तो टांगलेल्या झग्यांच्या मागं बसून रडला होता, आणि जिनेतनं त्याला त्याच्याच शर्टाच्या बाहीला नाक पुसण्यापासून अडवलं होतं.

तिचा स्वतःचा मुलगा होता, हे त्याला माहीत नव्हतं. बाहेरून आलेल्या त्या मंडळींत कुणालाच नव्हतं. कामाच्या पहिल्या दिवशी मुख्य वेशभूषाकार बाईंनी विचारलं होतं, “मुलंबाळं?” आणि जिनेत म्हणाली होती, “नाहीत.” तोंडातून ते कसं निघालं, तिलाही कळलं नाही. ‘होता’ म्हटलं की पुढचे प्रश्न येतात, समोरच्याचा चेहरा पडतो, मग त्यालाच धीर द्यावा लागतो. त्या दिवशी ती घरी आली आणि तिनं जेवण समोर घेतलं, पण घास उतरला नाही. आर्मांनं, तिच्या नवऱ्यानं, काय झालं म्हणून विचारलं. ती म्हणाली, “डोकं दुखतंय.”

रेमी एकोणीस वर्षांचा होता. छपरं शाकारणाऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली काम शिकत होता. नोव्हेंबरातलं धुकं, पुलावरून लाकडं घेऊन येणारा ट्रक, आणि त्याची मोपेड. इस्पितळात आर्मां एकटा गेला. परत आला तो दाराशीच उभा राहून म्हणाला, “तू येऊ नकोस. पेटी बंदच ठेवायची म्हणतायत.”

मग जिनेतनं एकच काम केलं. चुलतभावाच्या लग्नासाठी घेतलेला, एकदाच अंगात घातलेला रेमीचा निळा सूट तिनं काढला. इस्त्री तापवली. पांढरा शर्ट, टाय, मोजे, सगळं घडी घालून पिशवीत भरलं. अंत्यविधीवाल्यांचा माणूस दाराशी आला, तिच्या हातून पिशवी घेऊन म्हणाला, “आमच्यावर सोडा, मादाम.” तिनं सोडलं.

याला सहा वर्षं झाली. त्या पिशवीचं पुढं काय झालं, हे तिनं आर्मांला कधी विचारलं नाही. आर्मां कागदाच्या गिरणीत पाळीला जायचा, घरी यायचा, परसात कांदे लावायचा. मुलाचं नाव त्या घरात कुणी घेत नसे. ‘वरची खोली’ म्हणत, तेवढंच.

धाकट्याच्या अंत्यदर्शनाचं दृश्य एका मंगळवारी होतं. शवपेटी दुसऱ्या गावच्या एका अंत्यविधीवाल्याकडून भाड्यानं आणली होती. आत रेशीम कसं लावायचं, मेणबत्त्या कुठं ठेवायच्या, हे दाखवायला तो स्वतः आला होता. जाडसर, लाल गालांचा, बोलायला गोड. कामं आटोपून तो कॉफी पीत उभा असताना जिनेत त्याच्याजवळ गेली.

“एक विचारू का? पेटी बंदच ठेवायची असते, तेव्हा घरच्यांनी दिलेले कपडे तुम्ही घालता का?”

त्यानं कप खाली केला. “प्रयत्न करतो, मादाम. नेहमी जमतंच असं नाही.”

“आणि नाही जमलं तर?”

“तर पेटीत ठेवतो. बाजूला, पायाशी. फेकत नाही, हं. कधीच नाही.” मग तिच्याकडे नीट पाहून म्हणाला, “का विचारता?”

“सहज. आज काम आहे ना तसलं.”

ती कपड्यांच्या खोलीत आली. सिल्व्हँ चड्डी-बनियनवर उभा राहून सिगारेट ओढत होता.

“चल, मला शेवटचं सजव,” तो म्हणाला.

जिनेतनं त्याची सिगारेट विझवली. त्याला पँट दिली, शर्ट घातला, एकेक बटण लावलं. कॉलर वर करून टाय गुंडाळला, गाठ सरकवली, सैल केली, पुन्हा सरकवली. कोट चढवताना त्यानं पोरासारखे हात मागं केले. खांद्यावरचा धागा तिनं उचलला. मग वाकून त्याच्या बुटांच्या नाड्या बांधल्या.

“बूट दिसणार नाहीयेत गं कॅमेऱ्यात.”

“असू देत. बांधते.”

“आज अगदी गप्प आहेस. माझी आठवण येणार ना तुला?”

“मुकाट्यानं उभा राहा.”

दिवाणखान्यात दिवे लागले होते. सिल्व्हँ शिडीवरून पेटीत चढला आणि आडवा झाला. फोंब्राकांच्या आईचं काम करणारी बाई चेहऱ्यावर काळी जाळी घेऊन बाजूला उभी राहून ओठ हलवत होती. वाक्यं घोकत होती. पहिल्या वेळी एक दिवा फुटला. दुसऱ्या वेळी सिल्व्हँची पापणी हलली. दिग्दर्शक ओरडला, “मेलेला माणूस आहेस तू!” सगळे हसले. तिसऱ्या वेळेआधी कुणीतरी जिनेतला खूण केली, कॉलर चुरगळलीय.

ती शिडीवर चढली. तो डोळे मिटून पडला होता. चेहऱ्याला पावडर लावून पांढरा केलेला.

“जिनेत,” तो ओठ न हलवता पुटपुटला, “छातीला खाज सुटलीय. मरतो आता खरोखरच.”

तिनं कोटाच्या आत हात घालून खाजवलं. कॉलर सारखी केली. टाय मध्यावर आणला. मग कपाळावरचा केस मागं सारला. तो पुन्हा पुढं आला, तिनं पुन्हा मागं सारला. बाह्या ओढून मनगटापर्यंत आणल्या, दोन्ही हात एकमेकांवर ठेवले, आणि तिचा हात तिथंच राहिला.

“झालं, जिनेत. बाहेर ये,” खालून आवाज आला.

तिला ऐकू आलं नाही.

“जिनेत! दिवे तापतायत!”

सिल्व्हँनं एक डोळा उघडला. वरून पाहणारा तिचा चेहरा त्याला दिसला, आणि त्याची चेष्टा तोंडातच राहिली.

“अगं, मी जिवंत आहे,” तो हळूच म्हणाला.

“माहीत आहे मला,” ती म्हणाली, आणि खाली उतरली.

दृश्य झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धाकटा पेटीतून उडी मारून बाहेर आला, केक कापला गेला, कागदी पेल्यांतून शँपेन फिरली. निघताना त्यानं जिनेतला उचलून गरकन फिरवलं. “रोमहून फोन करतो तुला. रोज.” फोन काही आला नाही, आणि तिनंही वाट पाहिली नाही. पोरं जातात ती जातातच. त्या संध्याकाळी तिनं त्याचा सूट हँगरला लावला तेव्हा पाठीकडून तो अजून दमट होता.

तो भाग पुढं एका शुक्रवारी लागणार होता. आर्मां ही मालिका पाहायचा. सुरुवातीला नाकं मुरडायचा, “श्रीमंतांची धुणी!” म्हणायचा, पण मालिकेत धाकटा आल्यापासून गिरणीतल्या शुक्रवारच्या पाळ्या बदलून घ्यायला लागला होता. असं का, हे दोघंही एकमेकांशी बोलले नव्हते.

त्या शुक्रवारी जिनेत म्हणाली, “आज नको पाहूया.”

“का?”

“धाकटा मरतो.”

आर्मांनं सूपचा चमचा बशीत ठेवला. मग म्हणाला, “पाहू. त्याला एकट्याला कशाला जाऊ द्यायचं?”

शिकार झाली, गोळी सुटली, दारसेलांचा थोरला घोड्यावरून नुसता पाहत राहिला. मग दिवाणखाना आला. मेणबत्त्या, काळी जाळी, पेटीतला पांढरा चेहरा. झोपल्यासारखा दिसत होता पोरगा. टायची गाठ अगदी मधोमध होती.

“टाय तू बांधलास?” आर्मांनं विचारलं.

“हो.”

पडद्यावरची आई वाकली, तिनं मुलाचं कपाळ चुंबलं. जिनेत पडद्याकडेच पाहत म्हणाली, “आर्मां, रेमीला सूट घातला होता का?”

सहा वर्षांत पहिल्यांदा ते नाव त्या स्वयंपाकघरात उच्चारलं गेलं. आर्मांचे दोन्ही हात टेबलावर होते.

“मला खरं सांग. मी काही करणार नाही. नुसतं सांग.”

“नाही,” तो म्हणाला. “जमण्यासारखं नव्हतं.”

“पायाशी ठेवला?”

“ठेवत होते. मी म्हटलं, थांबा. मला आत जायला नको म्हणत होते. मी गेलो. चादरीत गुंडाळलेला होता. मी पिशवीतून कोट काढला आणि त्याच्या अंगावर पसरला. शर्ट आत, वरून कोट. टाय गळ्याशी ठेवला. मला बांधता येत नाही ना गं, माझाही तूच बांधतेस. नुसता ठेवला.”

“खांद्यापर्यंत?”

“खांद्यापर्यंत. थंडीत पोराला पांघरूण घालतो तसा.”

जिनेतनं मान हलवली. बराच वेळ ती मान हलवत राहिली. मग म्हणाली, “मी नीट इस्त्री केली होती.”

“एकही सुरकुती नव्हती,” आर्मां म्हणाला. “मी पाहिलं.”

तेवढ्यात दारावर थापा पडल्या. शेजारच्या मादाम पेरोशों, नवरा गेल्यापासून एकट्या राहणाऱ्या. रेमी गेला तेव्हा त्यांनी दाराशी मटणाच्या रश्श्याचं भांडं ठेवलं होतं आणि घंटा वाजवून पळून गेल्या होत्या. मग कित्येक महिने जिनेत दिसली की पलीकडच्या फुटपाथवर जायच्या. काय बोलावं ते त्यांना कळत नसावं.

आर्मांनं दार उघडलं. त्या घरातल्या झग्यावरच आल्या होत्या, डोळे सुजलेले, हातात चोळामोळा झालेला रुमाल.

“मारलं हो त्यांनी त्याला!” त्या दारातूनच म्हणाल्या. “मादाम जिनेत, तुम्ही तिथं असता ना? तुम्ही काही बोलला नाहीत? एवढं तरणं पोर! त्या आईनं आता काय करायचं?”

“बसा,” जिनेत म्हणाली.

“मला माहीत आहे, खोटं असतं सगळं. मला कळतं. पण तो तसा पडलेला पाहिला आणि...” त्या खुर्चीत बसल्या आणि लहान मुलासारख्या मोठ्यानं, लाज न धरता रडायला लागल्या.

आर्मांनं टेलिव्हिजन बंद केला. चुलीवर पाणी ठेवलं, कपाटातून तिसरा कप काढला. जिनेत आपली खुर्ची ओढून शेजारणीला लागून बसली आणि तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

“रडा,” ती म्हणाली, “रडा तुम्ही.” आणि मग हळूच तिनं आपलं डोकं त्यांच्या खांद्यावर टेकलं.