धुरी घळीतली

ग्रहणाला अर्धा तास उरला होता आणि कुरणावरच्या बुरुलकान आपा आपल्या तंबूपुढे निखाऱ्यांवर आर्चा या सुवासिक झुडपाच्या सुकल्या फांद्या रचत होत्या. ते पाहून साबिरबेक धावत आला. परराष्ट्र खात्यातल्या या गड्याने तीन महिने दोन राजधान्यांत पत्रं नाचवली होती, जकातीत अडकलेल्या दुर्बिणींच्या पेट्या सोडवल्या होत्या, आणि सगळं कशासाठी, तर या कुरणावरच्या दोन मिनिटांच्या काळोखासाठी. वारा असा, की धूर थेट ग्रहण पाहायला आलेल्या जपानी पाहुण्यांच्या दुर्बिणींवर जाणार.

"आपा, आज धुरी राहू द्या की."

"वा रे शहाण्या! सूर्य गिळला जाताना धुरी चुकली तर घरापासून दूर गेलेल्याला बाधतं. माझा तिलेक मॉस्कोत परांचीवर चढतो. त्याला काय तुझं खातं धरणार?"

"सूर्य सुटल्यावर द्या मग."

"घर जळाल्यावर पाणी?"

तेवढ्यात म्हातारे प्राध्यापक हिरोसे टोपी काढून आपांसमोर येऊन बसले. आजवर दोनदा ढगांनी त्यांचं ग्रहण खाल्लं होतं. भाषा येत नव्हती. त्यांनी नुसतं धुराकडे पाहिलं, मग आभाळाकडे. आपांनी त्यांच्या हातात कुमिसचा, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, वाडगा दिला आणि त्या रडवेल्या झाल्या.

"पाहुण्याचं मन मोडू, की पोराचं आयुष्य पणाला लावू? सांग ना."

साबिरबेकने बोट ओलं करून वारा पाहिला. "टेकडीआडच्या घळीतून धूर पलीकडे जाईल."

"माझे गुडघे जातात होय तिथवर?"

"मी जातो."

ग्रहण पाहायचा आपला काळा चष्मा आपांच्या हातात देऊन, तवाभर निखारे घेऊन तो घळीत उतरला. उजेड तांब्याचा झाला. सावल्या धारदार झाल्या, घोडे चरायचे थांबले, आणि गवतावरून गारवा सरकत आला. मग अंधारलं. टेकडीपलीकडून माणसांचा एकच हुंकार ऐकू आला. मान वर करावी असं त्याला फार वाटलं, पण फांद्या विझू पाहत होत्या. तो फुंकत राहिला. "आलास, आलास, तिलेकची पीडा जावो," असा धुरीचा जुना मंत्र म्हणत तवा ओवाळत राहिला. एकदा वर पाहिलं, तर नुसता धूर.

तो परतला तेव्हा ऊन पडलं होतं आणि हिरोसे लहान मुलासारखे रडत होते.

"काय पाहिलंस रे?" आपांनी विचारलं.

"निखारे."

आपांनी त्याच्या हातून तवा घेतला. उरलेला धूर त्याच्याच डोक्याभोवती तीनदा फिरवला. "आलास, आलास," त्या पुटपुटल्या, "माझ्या दोन्ही पोरांची पीडा जावो."