वाकडी फांदी

सत्यवतीबाईंनी दादरला नणंदेच्या दिवाणखान्यात पितळी घंगाळात उभी केलेली वाळकी, वाकडी फांदी पाहिली आणि तेव्हापासून पनवेलचं स्वतःचं घर त्यांना अगदी उघडंबोडकं वाटू लागलं. रविवारी वन्सं येणार, त्याआधी तश्शी फांदी हवीच! त्यांनी मोळी विकायला येणाऱ्या सोमीला गाठलं.

"सोमे, रानातून एकच फांदी आण. सुकलेली, चांगली वाकडीतिकडी."

"वाकडी?" सोमी बघतच राहिली. "बरं, बाय."

रविवारी वन्सं चहा पीत होत्या, तेवढ्यात सोमीने ओटीवर धाडकन मोळी टाकली. सगळी लाकडं सरळसोट, खडखडीत वाळलेली.

"पैसं नको, बाय," ती हळूच म्हणाली, पण हळू बोलायची सवय तिला कुठली! "वाकड्या काटकीवर चूल पेटवायची पाळी आली, आन् तुमी बोलल्या पन नाय?"

सत्यवतीबाईंचे कान लाल झाले. पण सोमीच्या डोक्यावरची घामाने भिजलेली चुंबळ पाहून खुलासा काही तोंडातून निघेना. "बस, चहा घे," एवढंच त्या म्हणाल्या.

वन्सं तोंडाला पदर लावून कशाबशा बोलल्या, "वहिनी, माझ्या घरच्या फांदीचं हिला सांगू नका हं. बिचारी दादरपर्यंत मोळी घेऊन येईल."