गाडी उचलताना

ब्रेकर पुन्हा दणकन उडाला. रेल्वेच्या सबस्टेशनच्या त्या एकट्या खोलीत महेंद्रने फोन उचलला.

"साहेब, लोकल आणि मालगाडी दोघींनी एकदम उचल घेतली. एवढा करंट लाइनला झेपत नाही. एकेक सोडायला सांगा."

फोन ठेवून तो वळला, तर दारात आई. येसूबाईच्या पायांत चपला नव्हत्या.

"मेघा तुझ्या पोरीला घेऊन गेली रे. वैशाखऱ्याला, माहेरी. वाशिंदला उभी हाय ना, त्याच लोकलमधी बसलीय." तिने पदराने तोंड पुसलं. "मीच बोलले. म्हटलं, तुझं दूध पुरत नाय पोरीला. परत येनार नाय म्हनली."

महेंद्रने करंटच्या मीटरकडे बघितलं; काटा शून्यावर होता.

"नको सोडू गाडी. मी जाऊन उतरवते तिला."

"गाडी मी नाय सोडत, आये. मी नुसती वीज देतो."

"मंग नको देऊ!"

फोन वाजला. साहेब म्हणाले, "आधी मालगाडी, मग लोकल. लाइन द्या." खटक्यावर त्याचा हात थबकला. लोकलच्या बंद पंख्यांखाली आणखी कुणाकुणाची पोरं असतील. त्याने खटका फिरवला.

काटा चढला, बराच वेळ थरथरला, उतरला. मग पुन्हा झपकन वर गेला.

"ही तिची," महेंद्र म्हणाला.

काटा खाली येऊ लागला, तशी येसूबाई पुढे सरसावली. "थांबली का रे?"

"नाय. उचलतानाच जास्त खेचते. एकदा धावायला लागली, की तेवढं लागत नाय."

येसूबाई बाहेर जाऊन पायरीवर बसली. महेंद्र काट्याकडेच बघत राहिला.

"अगो बाय!"

आईच्या हाकेने तो खिडकीशी आला. फाटकातून मेघा येत होती. खांद्यावर पिशवी, कडेवर रडून लाल झालेली पोर.

"पंखे बंद पडले," ती कुणाकडेच न बघता म्हणाली. "ही घामानं भिजली. जरा हवेला म्हणून उतरले, तर गाडी सुटली."

"भोंगा नाय दिला मोटरमननं?" महेंद्रने खिडकीतून विचारलं.

"दिला ना."

ती पायरीवर टेकली आणि पाठ वळवून पोरीला पदराखाली घेतलं. येसूबाई उठली, उन्हाच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि आपला पदर दोन्ही हातांनी पसरून धरला.

"पी गो बाय," ती नातीला म्हणाली. "सावकाश पी. कुनाला घाई नाय."