बेटावरून आलेली पोच

“कुणी आहे का तिकडे? बेटावर कुणी ऐकतंय का?”

अठरा वर्षं झाली, पण तो आवाज काकूंच्या कानातून गेला नव्हता. रेडिओच्या खरखरीत बुडायचा, पुन्हा वर यायचा. मास्तर, काकूंचे यजमान, तेव्हा धक्क्यावर होडीचं इंजिन उघडून बसले होते. सहाव्यांदा हाक आली तशी काकूंनी माइकचं बटण दाबलं आणि मास्तरांचं रेडिओवरचं नाव, त्यांचं कॉलसाइन, आपल्याच तोंडाने सांगून टाकलं. हौशी रेडिओचा परवाना मास्तरांचा, काकूंना बोलायची मुभा नव्हती. पण नोंदवहीची पक्की प्रत त्याच करत, बोलणं झाल्याची पोचकार्डंही त्याच लिहीत. तेव्हा ही नोंद गुपचूप वहीत बसली, नि कार्ड टपालात पडलं.

आणि आज, आठवड्यापूर्वी पत्राने कळवून, तोच माणूस दुपारच्या बोटीने घरी येत होता.

“अगं, अँटेनाचे दोर पाहिले ना मी?” मास्तरांनी विचारलं.

“तीनदा पाहिलेत. आता चौथ्यांदा गेलात तर खांबच म्हणेल, पुरे.”

मास्तर हसले नाहीत. गेल्या महिन्यात ओळखीच्या नावाड्याचं नाव ऐनवेळी आठवेना, तेव्हापासून त्यांनी स्वतःवरच पहारा बसवला होता.

पाहुणे तिघे. दोघे खांब बघायला परसात वळले. तिसरा, पत्र लिहिणारा, घड्याळं दुरुस्त करणारा, पायरीशी आला.

“जपून हं, पायरी निसरडी आहे,” काकू म्हणाल्या.

घड्याळजी जागीच थबकला. काकूंकडे बघत राहिला.  आवाज ओळखला याने!

पण त्याने नुसत्या चपला काढल्या. आत बसल्यावर त्याने पाकिटातून कार्ड काढलं. कडा पिवळ्या पडलेल्या, अक्षर काकूंचं.

“मास्तर, रेडिओवर गाठलेलं माझं पहिलं बेट हे. वडील गेले त्याच आठवड्यातलं. रेडिओ त्यांचा. म्हटलं, आज कुणी ओ दिली नाही तर विकून टाकायचा. आता शंभर बेटं झाली. बायको म्हणते, घरात चार शब्द बोलत नाहीस नि समुद्रापार तासभर!”

“थांबा, नोंदच दाखवतो,” मास्तर उठले.

“अहो, आधी चहा घ्या ना,” काकू घाईघाईने म्हणाल्या.

“चहा कुठे पळतोय?”

वही उघडली. बोट ओळीवरून सरकत गेलं, थांबलं. चार वाजून दहा मिनिटं. मास्तरांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

“हे... मला आठवत नाही हो.”

“अठरा वर्षं झाली, मास्तर. कोण लक्षात ठेवतं?” घड्याळजीने काकूंकडे ओझरतं पाहिलं. “तुमचा आवाज मात्र खणखणीत आला होता.”

“मी ठेवतो लक्षात,” मास्तर म्हणाले. “एकूण एक आवाज.” ते हळूच खाली बसले. “अगं, आता हेही गेलं बघ.”

त्यांनी वही मिटली. काकूंनी ट्रे टेबलावर ठेवला. खरं सांगितलं तर त्या कार्डाची रद्दी होणार. परवान्याविना बोललेलं कुणी मोजत नाही. एका अक्षराच्या चुकीवरून मास्तरांनी जिवलग मित्राचं कार्ड परत धाडलं होतं. आणि गप्प राहावं, तर मास्तर आजपासून स्वतःच्याच डोक्याला घाबरत जगणार.

घड्याळजीने मान किंचित हलवली. सांगू नका, असं.

काकूंनी मास्तरांच्या हातावर हात ठेवला.

“अहो, तुम्ही काहीही विसरला नाहीत. चार दहाला तुम्ही धक्क्यावर होतात, इंजिनापाशी. माइकवर मी होते.”